मारलवाईची शाळा

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जैनूरजवळ, मारलवाई हे गोंडांचं गाव आहे. तेलंगणातल्या जिल्ह्यांच्या २०१६च्या फेररचनेत ते आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. इथल्या आदिवासी मुलांच्या शिक्षणाची गोष्ट मात्र या गावापासूनच सुरू करावी लागते.

१९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात पडला. जंगल राखीव झालेलं, बापजाद्यांनी कसलेली जमीन बाहेरच्यांच्या नावावर चढलेली. हा असंतोष कशातून आला हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांत पाठवलं. ते आणि त्यांची पत्नी बेट्टी मारलवाईतच राहिले. गोंड शेतकऱ्याची अडचण त्यांना जवळून दिसली. सरकारी कागद उर्दूत, सावकाराची वही मराठीत, आणि याला दोन्ही वाचता येत नाहीत. ज्याच्या हाती कागद, त्याची जमीन.

१९४३मध्ये मारलवाईला शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. शाळा काढून बाहेरचा मास्तर नेमणं सोपं होतं, पण जंगलातल्या पाड्यावर असा मास्तर टिकत नाही आणि टिकला तरी मुलांशी बोलू शकत नाही. म्हणून आधी गोंडांतूनच मास्तर तयार करायचं ठरलं. मराठी थोडंफार वाचता येणारे मोजके तरुण निवडून कामाला सुरुवात झाली. बोलीत जगणाऱ्या गोंडीसाठी देवनागरीत वाचनपुस्तकं तयार झाली. देवनागरी निवडण्याचं कारण उघड होतं: या भागातला गोंड बाजारात, शेजाऱ्यांशी मराठी बोलत आला आहे. गोंडीत पाण्याला येर म्हणतात, घराला रोन. पाटीवरची पहिली अक्षरं अशा ओळखीच्या शब्दांची असली की पोर वाचायला घाबरत नाही. अक्षर हाताला बसल्यावर पुढच्या भाषा.

मला या योजनेत सगळ्यात मोलाची वाटते ती तिची दुसरी बाजू. शिकलेल्या पोराने पुढे करायचं काय, याचा विचार सुरुवातीपासून होता. केंद्रातून मास्तर तर निघालेच, शिवाय गावकामगार, कारकून, जंगलखात्यातले शिपाई अशा नोकऱ्यांसाठीही गोंड तरुण तयार झाले. ज्या कचेरीच्या दारात बाप हात जोडून उभा राहायचा, तिथे मुलगा टेबलामागे बसू लागला.

या कामात एक मराठी माणूस खांद्याला खांदा लावून होता, आणि आपण त्याला वेगळ्याच कारणांसाठी ओळखतो. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादेत आदिवासींसाठीचे अधिकारी म्हणून काम करताना ते गोंडी शिकले, पुढे गोंडी आणि शेजारच्या कोलाम आदिवासींची कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं त्यांनी लिहिली. फिर्याद ऐकणाऱ्या साहेबाला दुभाषा लागत नाही, हे त्या भागात नवल होतं.

पुढे राज्यं बदलली. १९५६नंतर आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, शाळेची भाषा तेलुगू झाली आणि गोंडी वर्गाबाहेर पडली. आश्रमशाळा वाढल्या, वसतिगृहं आली, नंतर गुरुकुलं आली. या सोयींनी हजारो मुलांना जेवण, छप्पर आणि वह्या मिळाल्या. त्याची किंमत कमी लेखू नये.

पुढची वाटही आता आहे. गोदावरीकाठी बासरला २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचं केंद्र निघालं; तेव्हा तेही आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. दहावीनंतर थेट प्रवेश, तिथेच राहणं, दोन वर्षं पूर्वतयारी आणि चार वर्षं बी.टेक. प्रवेशपरीक्षा नाही, म्हणून शहरातल्या महागड्या क्लासची गरज नाही. अनिवासी सरकारी शाळेतल्या मुलांच्या दहावीच्या गुणांत थोडी भर घातली जाते. ज्याच्या गावात चांगली शाळा नव्हती त्याला थोडी वाट मोकळी करून देणारा हा नियम मला न्याय्य वाटतो.

पण बासरला पोचायला आधी दहावी गाठावी लागते. गोंड आणि कोलाम मुलाची खरी परीक्षा पहिलीतच होते, मास्तर काय बोलतो ते कळत नाही तेव्हा. मारलवाईने त्यावर १९४३मध्ये उपाय काढला होता: सुरुवातीला मुलाच्या भाषेत शिकवणारा, त्याच्याच समाजातला मास्तर. असे मास्तर आज पाड्यापाड्यावर नेमता येतील, कारण आता पदवीधर गोंड तरुण आहेत आणि त्यांनाही नोकरी हवी आहे.