वसई-विरारचा नगरमतदार आणि विधानसभेची मतदारयादी

महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत द्यावयाचे असेल तर आपले नाव महानगरपालिकेच्या कचेरीत नोंदवावयाचे असते, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही सार्वत्रिक आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्रात महानगरपालिकेपाशी मतदारांचे स्वतःचे असे मूळ दप्तरच नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ७-अ अन्वये, राज्य निवडणूक आयुक्तांनी अधिसूचित केलेल्या दिवशी विधानसभेची जी मतदारयादी अमलात असेल, तीच प्रभागवार विभागून महानगरपालिकेची मतदारयादी तयार करावयाची असते. नागरिक मत देतो ते नगरसेवक निवडण्यासाठी. परंतु त्या मताचा हक्क त्याने मिळविलेला असतो दुसऱ्याच दारी आणि बहुधा पुष्कळ आधी.

या व्यवस्थेत एक घटनात्मक विसंगती दडलेली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) संविधानात आलेल्या अनुच्छेद २४३ झेडए अन्वये नगरपालिकांच्या निवडणुका घेणे आणि त्यांच्या मतदारयाद्या तयार करणे या दोहोंचे अधीक्षण व नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविले आहे. म्हणजे यादी करण्याचा अधिकार संविधानाने या आयोगाला दिला. राज्याच्या कायद्याने मात्र दुसऱ्या घटनात्मक संस्थेने, भारत निवडणूक आयोगाने, केलेली यादी त्याच्या हाती ठेवली. केरळात राज्य आयोग स्थानिक संस्थांसाठी आपली स्वतंत्र यादी ठेवतो. महाराष्ट्राने पत्करलेल्या मार्गात खर्चाची आणि श्रमाची बचत उघड आहे, आणि एकाच माणसाने दोन दप्तरांत दोनदा नाव नोंदविण्याचा त्रासही वाचतो. परंतु जेथे वस्ती सारखी हलती असते, तेथे या बचतीची किंमत मतदाराला मोजावी लागते. वसई-विरारचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची खेडी एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. निर्मळ-वाघोलीकडील हरित पट्ट्यातील बागायतदारांचा या समावेशनाला कडवा विरोध होता. गावे वगळण्याचा शासननिर्णय २०११ साली झाला, तो न्यायालयात अडकला, आणि २९ गावांच्या समावेशावर शासनाने पुन्हा शिक्कामोर्तब केले ते २०२४ साली. आपण ग्रामपंचायतीचे मतदार की महानगरपालिकेचे, हा प्रश्न या गावकऱ्यांच्या दृष्टीने पुस्तकी नव्हता. पहिली निवडणूक २०१० साली व दुसरी १४ जून २०१५ रोजी झाली. सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली; नंतर आधी महामारीमुळे आणि पुढे इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील वादांमुळे निवडणूक लांबत गेली व कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची व त्याहून अधिक नाही, असे अनुच्छेद २४३ यू निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. ती संपल्यावर सभागृहच नसेल तर काय, याचे उत्तर अखेर सर्वोच्च न्यायालयाला द्यावे लागले. ६ मे २०२५ रोजी त्याने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १६ सप्टेंबर २०२५ रोजी ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मर्यादा घालून दिली. त्याप्रमाणे राज्यातील २९ महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. २०१५ च्या मतदानाच्या वेळी जो युवक सतरा वर्षांचा होता, त्याला आपल्या शहरासाठी पहिले मत देता आले ते वयाची सत्तावीस वर्षे उलटल्यावर.

आता नोंदणीकडे वळू. नव्या मतदाराने नमुना ६ भरावयाचा असतो. मृत, स्थलांतरित अथवा अपात्र व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी नमुना ७ आहे. आणि पत्ता बदलला, नावात चूक असली किंवा ओळखपत्र नव्याने हवे असले, तर २०२२ पासून या सर्व कामांसाठी नमुना ८ हा एकच अर्ज आहे. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर देता येतो. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पहिले व मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे दुसरे अपील चालते. अठरा वर्षे पूर्ण होण्याची अर्हता पूर्वी केवळ १ जानेवारीला मोजीत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले आहेत.

अर्ज भरणे ही तशी सोपी बाब होय. अवघड आहे ती ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ ही कल्पना. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम २० सांगते की, एखाद्या मतदारसंघात घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. मुंबईत राहून विरारला गुंतवणूक म्हणून सदनिका घेऊन ठेवणारा मनुष्य मालमत्ताकर भरीत असला, तरी तेवढ्याने तो विरारचा मतदार होत नाही. उलट नालासोपाऱ्यात अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारे कुटुंब पूर्णपणे पात्र असते. नोंदलेला भाडेकरार रहिवासाचा पुरावा म्हणून चालतो. एके काळी नगरपालिकेचा मताधिकार मालमत्ता व कर यांवर अवलंबून असे. तो निकष जाऊन कित्येक दशके लोटली, तरी करपावती म्हणजे मताचा परवाना ही भावना अजून पुरती गेलेली नाही. खरी अडचण पुढे येते. भाडेकरार संपला की कुटुंब आचोळ्याहून तुळिंजला, तेथून विरार पूर्वेला जाते. मतदारयादीतील नाव मात्र पहिल्याच पत्त्यावर राहते. विधानसभेच्या निवडणुकीत याने फारसे बिघडत नाही, कारण बहुधा मतदारसंघ तोच असतो. केंद्र तेवढे दूर पडते. महानगरपालिकेच्या निवडणुकीत मात्र दोन रस्ते ओलांडले तरी प्रभाग बदलू शकतो, आणि ज्या प्रभागाच्या गटारांशी व नळांशी आता काही संबंध उरला नाही, तेथील प्रतिनिधी निवडण्याची पाळी येते.

यापुढचा मुद्दा तारखेचा. विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत यादीत नावे घालता येतात. महानगरपालिकेची यादी अधिसूचित दिवशीच गोठते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी तो दिवस १ जुलै २०२५ हा होता. त्यानंतर ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली, किंवा ज्याने त्यानंतर नमुना ६ भरला, त्याचे नाव विधानसभेच्या यादीत रीतसर आले तरी महानगरपालिकेच्या मतदानाला ते उपयोगी पडले नाही. कोठेतरी रेषा ओढावी लागते हे खरे. पण साडेसहा महिन्यांचे अंतर अल्प म्हणता येणार नाही, आणि ही रेषा ओढली गेल्याची वार्ता बहुतेकांना ती ओलांडून गेल्यावरच कळते.

मग यादीची विभागणी होते. या शहराचा प्रदेश वसई, नालासोपारा आणि बोईसर अशा तीन विधानसभा मतदारसंघांत पसरलेला आहे. विधानसभेची यादी भागांत विभागलेली असते. प्रभागांच्या सीमा मात्र २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवरून आखलेल्या. दोन्हींच्या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. त्यामुळे यादीचा एखादा भाग दोन प्रभागांत चिरला जातो आणि कोणते घर कोणीकडे जाते ते कर्मचाऱ्यांना जागेवर पाहून ठरवावे लागते. त्यातच २०११ ची शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख, तर २०२६ च्या निवडणुकीतील मतदारच ११ लाखांच्या वर! नगरसेवकांची संख्या ११५ ठरली ती त्या जुन्या लोकसंख्येवरून, आणि प्रभागही तिच्याच मापाने कापले गेले. पंधरा वर्षांत ज्या मोकळ्या जागी चाळी व इमारती उठल्या, तेथील मतदार चुकीच्या प्रभागात पडण्याचा संभव अर्थातच अधिक.

प्रारूप प्रभागयादी प्रसिद्ध होते ती याचसाठी. या वेळी ती २० नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. येथे अभ्यासकांनी एक भेद नीट लक्षात घ्यावा. या टप्प्यावर नवे नाव घालता येत नाही, वगळता येत नाही, पत्ताही बदलता येत नाही. ती कामे विधानसभेच्या यादीची. हरकत घेता येते ती तीनच बाबतींत: लेखनिकाची चूक झाली आहे, नाव दुसऱ्याच प्रभागात गेले आहे, किंवा विधानसभेच्या यादीत असलेले नाव प्रभागयादीत उतरलेलेच नाही. नमुना ६ हातात घेऊन या वेळी प्रभाग कार्यालयात जाणाऱ्यास रिकाम्या हाती परतावे लागते, आणि त्यात त्या अधिकाऱ्याचा दोष नसतो. संभाव्य दुबार नावांपुढे या वेळी दोन तारकांची खूण केलेली होती. अशा मतदाराने आपण कोणत्या केंद्रावर मत देणार ते कळवावयाचे होते, अन्यथा अन्यत्र मत दिले नसल्याचे हमीपत्र केंद्रावर लिहून द्यावयाचे होते.

मतदानाची रीतही २०१५ पेक्षा वेगळी होती. तेव्हा ११५ प्रभाग आणि प्रत्येकात एक सदस्य असे. २०२६ मध्ये प्रभाग २९ झाले: २८ प्रभागांत प्रत्येकी चार जागा आणि एका प्रभागात तीन. जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असून मतपत्रिकांचे रंग अनुक्रमे पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा आणि फिका निळा. मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबावयाचे. एकाच जागेसाठी दोन मते देता येत नाहीत आणि चारही निवडी झाल्यावाचून मतदान पूर्ण नोंदले जात नाही. कोणी पसंत नसेल तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण आहे. (या बटणाला राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाने वेगळेच वजन दिले: ते सर्वाधिक मते घेऊन गेले तर त्या जागेची निवडणूक पुन्हा होते.) आरक्षित जागेविषयी मात्र गैरसमज फार. एखादी जागा महिलांसाठी किंवा अनुसूचित जातीसाठी राखीव असते, ती उमेदवारीपुरती. मत त्या प्रभागातील प्रत्येक मतदाराने द्यावयाचे असते. ‘ती जागा आपली नव्हे’ म्हणून तेथे ‘वरीलपैकी एकही नाही’ दाबणारा मतदार आपला चौथा हिस्सा हकनाक सोडून देतो.

मतदानाला जाताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, परंतु प्रभागयादीतील अनुक्रमांक नवा असतो आणि केंद्रही वेगळे असू शकते. म्हणून विधानसभेच्या वेळची चिठ्ठी निरुपयोगी ठरते. मतदार चिठ्ठी ही केवळ माहितीची; ओळख पटविण्यासाठी मतदार ओळखपत्र, अथवा आधारपत्र, पारपत्र, वाहनपरवाना यांसारखा मान्य पुरावा लागतो. उलटपक्षी, ओळखपत्र खिशात असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.

सार्वत्रिक निवडणुकीनंतर एखादी जागा रिकामी झाली, तर पोटनिवडणुकीसाठी नवा दिवस अधिसूचित होतो आणि त्या दिवशी अमलात असलेली विधानसभेची यादी पुन्हा विभागली जाते. दरम्यान ज्याने नमुना ८ भरून आपला पत्ता नव्या वस्तीत आणला असेल, त्याचे नाव तेव्हा त्या वस्तीच्या प्रभागात येते. चार जागांपैकी एकच रिकामी असल्याने त्याला दाबावयाचे असते तेही एकच बटण.