पाचटाचा धूर आणि आयुष्याचा हिशेब



तोड संपून शेवटची गाडी फडाबाहेर पडली की संध्याकाळी पाचटाला काडी लावायची, ही रीत आपल्या कार्यक्षेत्रातून अजून गेलेली नाही. आम्ही शेतकी खात्याची माणसे दरवर्षी खोडव्याच्या उत्पन्नाच्या अंगाने यावर बोलतो. या खेपेस माणसाच्या अंगाने बोलावे म्हणतो.

पैसा आला की आयुष्य वाढते, हे खोटे नाही. १९७०-७५ च्या सरकारी नोंदीत भारतीयांचे सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षे होते. २०१६-२० मध्ये ते ७० झाले. पोटभर अन्न, लस, शुद्ध पाणी, दवाखाना. ऊसपट्ट्यात यातले बरेचसे उसाच्या बिलातूनच आले, तेव्हा प्रगतीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तिच्याबरोबर येणारा धूर याच खात्यातून गुपचूप उचल करीत असतो.

चीनचे उदाहरण बघा. १९५० ते १९८० या काळात तेथील सरकारने ह्वाई नदीच्या उत्तरेस हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी फुकट कोळसा पुरविला. दक्षिणेस ही सोय नव्हती. हेतू चांगलाच होता. पुढे संशोधकांनी नदीच्या दोन्ही बाजूंच्या मृत्यूंच्या नोंदी ताडून पाहिल्या. २०१३ सालच्या अभ्यासात उत्तरेकडचे आयुर्मान सुमारे साडेपाच वर्षांनी कमी भरले. २०१७ सालच्या नव्या आकडेमोडीत फरक तीन वर्षांचा निघाला. तीनच धरा, तरी ती वर्षे हृदयाच्या आणि फुफ्फुसाच्या विकारांनी खाल्ली. २०१३ नंतर चीनने धुरावर कडक बंधने घातली. २०२१ पर्यंत हवेतील बारीक कण चाळीस टक्क्यांनी घटले, आणि कारखानदारी काही बंद पडली नाही.

कार्बन डायऑक्साइड हवा तापवितो, पावसाचे गणित बिघडवितो. छातीत उतरतात ते धुरातले कण, केसाहून वीसपट बारीक. निघतात मात्र दोन्ही एकाच जाळातून.

"पाचटातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला, परत हवेत गेला तर बिघडलं काय?" असे काही सभासद विचारतात. कार्बनपुरते म्हणणे खरे आहे. कणांचे काय? ते आधी आपल्याच ओसरीवर येतात, आणि तोडणी टोळीची पोरे तर फडाशेजारी कोपीतच निजलेली असतात. कोळसा जाळून निदान वीज मिळते; इथे हेक्टरी आठ-दहा टन पाचट आणि त्यातले चाळीसेक किलो नत्र नुसते धुरात जाते.

तेव्हा तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि पाचट सरीत दाबावे. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. मजूर मिळत नाही ही अडचण आम्हांस ठाऊक आहे. कुट्टी यंत्र हवे असेल त्यांनी तोडणीच्या आधीच गट ऑफिसात नाव नोंदवावे. ऐनवेळी आल्यास यंत्र मिळेलच असे नाही.