जिवाणूंनी स्रवलेली प्राणिज प्रथिने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्राण्याचे प्रथिन जिवाणूकडून तयार करून घेणे म्हणजे प्राण्याच्या शरीराचा काही अंश जिवाणूत मिसळणे, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः जिवाणूत जाते ते जनुक, म्हणजे डीएनएचा छोटासा तुकडा. तोही हल्ली प्रयोगशाळेत रसायनांपासून जोडता येतो. जनुकाची लिपी जवळपास सगळ्या सजीवांत एकच असल्याने जिवाणू ती वाचतो आणि साखर व नायट्रोजनयुक्त क्षारांपासून स्वतः घडवलेली अमिनो आम्ले त्या क्रमाने जोडतो. पूर्वी सव्वादोनशे ग्रॅम इन्सुलिनसाठी डुकरांची दोन टनांहून अधिक स्वादुपिंडे लागत. 1982 मध्ये ई. कोलाय जिवाणूत घडवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि ही गरज सरत गेली.

बुलढाण्यासारख्या कापसाच्या जिल्ह्यात या तंत्राची बीटी कपाशीशी गल्लत होते. शेजारच्या जालन्यातील महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना 2002 मध्ये मान्यता मिळाली. त्यांत जिवाणूचे जनुक वनस्पतीत गेले होते. इथे प्राण्याचे जनुक जिवाणूत जाते. कपाशी उघड्या रानात वाढते, तर इन्सुलिनचे जिवाणू बंद टाकीत वाढवून मारले जातात आणि शुद्ध केलेले प्रथिन तेवढे औषधात येते. दोन्हींना पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 1989 चेच नियम लागू असले, तरी दोन्हींतले धोके एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरते.

जिवाणूला प्रथिन बाहेर टाकायला लावणे निसर्गाविरुद्ध आहे, हाही गैरसमजच. याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. लोणार सरोवराचे पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी. त्याचा सामू 10 च्या आसपास नोंदला गेला आहे. तिथल्या पाण्यातून व गाळातून वेगळे केलेले बॅसिलस गटातील जिवाणू प्रथिने आणि स्टार्च फोडणारी विकरे पेशीबाहेर सोडतात, कारण अन्नाचे मोठे रेणू पेशीत शिरू शकत नाहीत, ते बाहेरच फोडावे लागतात. अशाच अल्कधर्मी पाण्यात टिकणारी बॅसिलसची विकरे धुण्याच्या पावडरीत वापरतात. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले, त्याचा मात्र या कशाशीही संबंध नव्हता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग मीठप्रेमी आर्कियांचा निघाला, आणि आर्किया हा जिवाणूंहून वेगळा गट आहे.

जनुक घातले की प्रथिन आपोआप बाहेर येते, ही समजूत सर्वांत फसवी. बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या टोकाला अमिनो आम्लांची एक संकेत-साखळी असावी लागते. ती ओळखूनच पेशीपटलातील यंत्रणा त्याला वाट देते. 1978 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात लिडिया व्हिला-कोमारॉफ, वॉल्टर गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या प्रोइन्सुलिनचे, म्हणजे इन्सुलिनच्या पूर्वरूपाचे, जनुक पेनिसिलिनेजच्या जनुकाला जोडले. पेनिसिलिनेज हे विकर जिवाणू स्वतःच आतल्या पटलापलीकडे पाठवतो. त्याच्याबरोबर प्रोइन्सुलिनही गेले. पण ई. कोलायला दोन पटले असतात, त्यामुळे प्रथिन दोहोंमधल्या पोकळीतच थांबले. पेशीच्या आतच राहिले, तर अनेक प्राणिज प्रथिनांच्या निरुपयोगी गुठळ्या होतात. त्या विरघळवून रेणूला पुन्हा योग्य घडी घालावी लागते. इन्सुलिनमधले गंधकाचे तीन बंध योग्य जागी जुळले नाहीत, तर ते काम करत नाही.

सारी जनुकीय औषधे जिवाणूंतूनच येतात, असेही नाही. वोखार्ट कंपनीने 2003 मध्ये बाजारात आणलेले इन्सुलिन यीस्टमध्ये तयार केलेले होते. ज्यांना शर्करेच्या साखळ्या जोडाव्या लागतात अशी प्रतिपिंडांसारखी प्रथिने बहुधा सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढवतात. चीजसाठी दूध गोठवणारे वासराच्या जठरातील कायमोसिन 1990 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते ई. कोलायमध्ये घडवलेले होते. पुढे या कामी ॲस्परजिलस नायजर ही बुरशीही वापरात आली, कारण ती कायमोसिन थेट बाहेर स्रवते आणि गुठळ्या विरघळवण्याचा खटाटोप वाचतो.