वकिलाकडे न्यायची यादी

दिवाळी अंकासाठी दिवाळ्यावर लेख लिहून देतो असे मी कळवले, तेव्हा संपादकांना वाटले की मी विनोदी काही देणार आहे. "नाही हो, आमच्या घरचीच हकीकत आहे," असे म्हटल्यावर पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "लिहा. पण घरच्यांना विचारून लिहा." विचारले आहे. ज्याची हकीकत, त्या माझ्या धाकट्या भावानेच लिहायला सांगितले. नाव मात्र बदल म्हणाला, म्हणून इथे त्याला मधू म्हणतो.

मराठीच्या मास्तरला संकटातही आधी शब्द आठवतात. दिवाळे निघणे या शब्दाचा दिव्याशी संबंध जोडणारी एक कथा आहे. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही ती दिली आहे. व्यापारी बुडाला की पेढीवर दिवा लावून ठेवी आणि हिशेबाचा निकाल लागेपर्यंत आपण दूर होई. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही, पण चित्र मोठे बोलके आहे. कायद्याच्या मराठीत मात्र दिवाळे नाही, तिथे शब्द आहे नादारी. आमच्या वडिलांच्या तोंडी हा शब्द अभिमानाने येई, कारण ते शाळेत नादारीवर शिकले, म्हणजे फी माफ होऊन. तोच शब्द चाळीशी गाठलेल्या मुलाच्या वाट्याला आला तेव्हा घरात तो उच्चारायलाही कोणी तयार होईना.

मधूचा पुण्यात छापखाना. लग्नपत्रिका, बिलबुके, सोसायट्यांचे अहवाल असली कामे. २०१८ साली त्याने बँकेचे कर्ज काढून नवे यंत्र घेतले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लग्नेच थांबली. पुढे लग्ने सुरू झाली, पण पत्रिका फोनवरून जाऊ लागल्या. यंत्राचे हप्ते भरायला पतसंस्थेचे आठ लाख घेतले, त्याला जामीन मी. मग क्रेडिट कार्डे, मग फोनवर पाच मिनिटांत मिळणारी कर्जे, कागदवाल्याची उधारी. २०२४ च्या श्रावणातल्या एका रात्री तो जेवायला आला, पानावरून उठला आणि हात पुसता पुसता म्हणाला, "दादा, कोर्टात जाऊन आपणहून दिवाळे काढता येते का रे?"

येते. पण त्यासाठी वकील कुठला गाठायचा, इथपासून आमची शाळा सुरू झाली.

पहिले वकील ओळखीतले. आमच्या घराची खरेदीखते त्यांनीच केलेली, माणूस सज्जन. त्यांनी चहा पाजला आणि सल्ला दिला की आधी मधूचा फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून टाका, मग बघू. आम्हाला तो सल्ला इतका गोड वाटला की दोन दिवस घरात हायसे वातावरण होते. दुसरा भेटला तो वकील नव्हताच. "सर्व कर्जातून मुक्ती" अशी जाहिरात करणारा एक गृहस्थ होता. वाचलेल्या रकमेवर टक्केवारी मागत होता. इथे मात्र मला शंका आली. चौकशी केली तेव्हा कळले की बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करून अशिले गोळा करता येत नाहीत, आणि निकालावर अवलंबून असलेली फीही ठरवता येत नाही. तेव्हा जो टक्केवारी मागतो तो एकतर वकील नव्हे, किंवा असला तर नियम मोडणारा वकील.

शेवटी महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याने सुचवले की शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन सरळ विचारा, नादारीचे अर्ज कोण चालवतो. मी दोन सकाळी तिथे घालवल्या. तीन ठिकाणी एकाच बाईंचे नाव निघाले. त्यांना फोनवर मी चार प्रश्न विचारले. असे अर्ज तुम्ही स्वतः चालवले आहेत का? न्यायालयात तुम्ही उभ्या राहणार की कनिष्ठ वकील? फी किती आणि तिच्यात काय काय येते? आणि अर्ज न करता दुसरा काही मार्ग असेल तर सांगाल का? चौथ्या प्रश्नावर त्या हसल्या. "तो तर मी आधी सांगते," म्हणाल्या. पहिल्या भेटीचे दीड हजार, आणि येताना यादी आणायची.

ही यादी करणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. कायदा अर्जातच मागतो ते असे: प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता, रक्कम, आणि स्वतःची प्रत्येक मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे ते. आम्ही शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर बसलो. मधू, त्याची बायको आणि मी. मंजुरीपत्रे, नोटिसा, बँकेचे उतारे, तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे, विम्याच्या पॉलिसी, फ्लॅटचे कागद, छापखान्याच्या वह्या, सगळ्याचे गठ्ठे लावले. मधू म्हणत होता, देणे बावीस लाख असेल. पहाटे दोनला बेरीज एकतीसच्या वर गेली. तो लपवत नव्हता. बरेच दिवस त्याने पाकिटेच फोडली नव्हती. एका पाकिटात न वटलेल्या चेकची नोटीस निघाली. ती हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरायचे असतात, त्यांतले अकरा उलटले होते. तो खटला फौजदारी, नादारीच्या अर्जाने टळणारा नव्हे. ते पैसे माझ्या बायकोने दुसऱ्या दिवशी बँकेतून काढून दिले. यादीत तिचेही नाव घातले.

वकीलबाईंची खोली लहान, टेबलावर कागदांच्या चळती. मधूने आधी बक्षीसपत्राचेच विचारले. बाईंनी चष्मा काढला. पुण्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो, म्हणाल्या. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा. २०१६ साली नवी संहिता आली खरी, पण आपल्यासारख्या साध्या माणसाच्या नादारीचा तिच्यातला भाग लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्यांपुरताच तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. आणि त्या १९२० च्या कायद्यात अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतले असले बक्षीसपत्र रद्द करवता येते. "वर तुम्ही मालमत्ता लपवलीत असे ठरले तर तो गुन्हा होतो," म्हणाल्या. आमचे दोन दिवसांचे हायसे वातावरण तिथेच संपले.

मग त्यांनी एकेक सांगितले. अर्ज दिला की उद्यापासून फोन थांबतील अशी आशा नको. न्यायालयाने नादार ठरवल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि मग धनकोंना परवानगीवाचून दावे लावता येत नाहीत. फ्लॅटवर बँकेचे गहाण आहे, तेव्हा बँकेचा त्यावरचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणे सुटत नाही. सुटते काय, तर घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, कारागिराची हत्यारे; आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. कायद्याने मंगळसूत्राची आठवण ठेवली आहे हे ऐकून माझ्या भावजयीने प्रथमच मान वर केली.

एक गोष्ट मला फार लागली. पूर्ण मुक्तता मागताना न्यायालय पाहते की बिनतारण देण्यापोटी रुपयामागे आठ आणे तरी निघतात का, आणि नसतील निघत तर त्यात तुमचा दोष किती. आणे जाऊन इतकी वर्षे झाली. त्या कायद्याच्या हिशेबात मात्र ते टिकून राहिले. हिशेबाच्या वह्या धड ठेवल्या नसतील, सट्टा किंवा उधळपट्टी केली असेल, तर तेही पुढे येते. मधूच्या वह्या नीट होत्या. पत्रिका चुकीच्या छापील, पण हिशेब चुकवणार नाही असा तो माणूस.

एवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही कोण? भाऊ की जामीनदार?"

"दोन्ही," मी म्हटले.

"मग आता तुम्ही बाहेर बसा. आणि स्वतःसाठी दुसरा वकील बघा."

मला राग आला, हे कबूल करतो. पण त्यांचे बरोबर होते. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने मूळ कर्जदाराइतकीच. मधू नादारीतून मुक्त झाला तरी मी सुटत नाही. पगारातून कपात करण्याचे संमतिपत्रही मीच सही करून दिलेले. म्हणजे पतसंस्था उद्या माझ्याकडे येणार, आणि मी मधूचा धनको होणार. त्याचे हित आणि माझे हित एका वकिलाने कसे सांभाळावे? शिवाय अशील वकिलाला जे सांगतो त्याला कायद्याचे संरक्षण आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होते, १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यातही आहे. पण ते वकील आणि अशील यांच्यातले. थोरला भाऊ शेजारी बसला असताना धाकटा काय सांगणार?

मी बाकावर पाऊण तास बसून होतो.

परतताना रिक्षात मधू संचेतीच्या चौकापर्यंत काही बोलला नाही. मग रस्त्याकडे पाहत म्हणाला, "दादा, यादीत एक नाव राहिले होते. आईच्या पाटल्या मी मोडल्या, २०२२ मध्ये. तिनेच काढून दिल्या. तुला सांगू नकोस म्हणाली." कागद कापायचे यंत्र विकून आधी आईचे पैसे फेडायचे, मग अर्ज करायचा, असा त्याचा बेत होता. बाईंनी तोही मोडला. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकते माप देऊन पैसे दिले तर ते परत मागवता येतात, मग ती आई का असेना. आईचे नाव यादीत घाला, इतरांबरोबर.

मला बोलायचे खूप होते. एवढेच म्हणालो, "जेवायला येतोस का?" तो आला.

बाईंनी अर्ज लगेच केला नाही. पतसंस्थेशी सामोपचाराने बोलणी झाली, त्यांनी व्याज बरेच सोडले, आणि आता तो हप्ता माझ्या पगारातून जातो. उरलेल्या धनकोंना एकच यादी दाखवून पत्रे गेली आहेत. त्यांतले चार कबूल झाले, दोघे कोर्टाची भाषा बोलतात. ते न वळले तर टाइप केलेला अर्ज कपाटात तयार आहे.

गेल्या महिन्यात आईला ती यादी वाचून दाखवली. अकराव्या क्रमांकावर तिचे नाव आहे. तिने सगळी नावे शांतपणे ऐकली आणि पाटल्यांचे वजन एका तोळ्याने कमी लिहिले आहे म्हणून सांगितले. दुरुस्त केले.