बटण दाबलं, पण नवा कॉम्प्युटर चालूच होईना? घाबरू नका, क्रमाने तपासा!



समजा, शिरपूर जैनमध्ये तुम्ही नुकतंच कॉम्प्युटर असेंबलिंग आणि रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकलंय. पहिली ऑर्डर गावातल्याच सेवा केंद्रवाल्या दादांची. पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आलीय, सोयाबीनवाले शेतकरी त्यांच्या दारात उभे आहेत. तुम्ही अकोल्याहून पार्ट आणले, रात्री जागून मशीन जोडली. सकाळी दादा समोर खुर्ची टाकून बसले. तुम्ही बटण दाबलं आणि काहीच नाही. लाईट नाही, फॅन नाही, आवाज नाही.

आता तुम्ही काय कराल? नवखा माणूस पटकन म्हणून टाकतो, "मदरबोर्ड डेड आलाय." मग पुन्हा अकोल्याची चक्कर, दोन दिवस वाया. आणि शेवटी कळतं, एक वायर नीट बसलीच नव्हती! म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: नवी मशीन चालू होत नसेल तर आधी संशय आपल्या जोडणीवर, पार्टवर नंतर.

1. भिंतीपासून सुरुवात करा

त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. यूपीएस चालू आहे का? पॉवर केबल बदलून पाहिली का? एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो, तो अनेकदा बंदच राहतो. जुन्या एसएमपीएसला 115 आणि 230 असा लाल स्विचही असतो. आपल्याकडे तो 230 वरच हवा. 115 वर ठेवून चालू केलं तर एसएमपीएस उडालाच समजा.

2. दोन मोठे कनेक्टर

मदरबोर्डला 24 पिनचा मोठा कनेक्टर लागतो. तो "टक्" आवाज येईपर्यंत दाबा. दुसरा प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनचा. हा सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. ग्राफिक्स कार्डचा 6+2 पिनचा कनेक्टर दिसायला तसाच असतो, पण तो इथला नाही. जोर लावून बसवू नका. वायरवर काय छापलंय ते वाचा.

3. बटणाचीच वायर

कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डच्या दोन पिनांवर बसते. एक पिन इकडेतिकडे झाली की बटण दाबून उपयोग नाही. मॅन्युअलमधली आकृती बघा. मग ती वायर काढून त्याच दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन चालू झाली? म्हणजे बोर्ड ठीक आहे, दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

4. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा

तरीही चालू होत नसेल, तर प्लग काढून बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, त्याचा फॅन, एक रॅम आणि एसएमपीएस जोडा. बाहेर चालू झाली, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बहुतेक वेळा बोर्डाखालचा पितळी स्टँड चुकीच्या जागी लागलेला असतो, नाहीतर एखादा स्क्रू खाली पडलेला असतो.

5. एसएमपीएस तपासा

प्लग काढा. एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डापासून सोडवा, त्याला एक कॅबिनेट फॅन जोडा. 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर क्लिपने जोडा. आता वीज द्या. फॅन फिरला, तर एसएमपीएस निदान सुरू तरी होतोय. मल्टीमीटरवर पिवळ्या वायरला 12, लालला 5 आणि नारिंगीला 3.3 व्होल्टच्या आसपास यायला हवेत. काही एसएमपीएसमध्ये सगळ्या वायरी काळ्याच असतात. तिथे अंदाज नको, पिनांची आकृती बघूनच हात लावा. आणि एसएमपीएसचं झाकण कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतका चार्ज असतो.

फॅन फिरतो, पण स्क्रीन काळी?

हे दुखणं वेगळं आहे. रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा, एकेक करून लावून बघा. मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर केबल कार्डालाच लागायला हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे कार्डाशिवाय चित्र येणार नाही. शेवटी प्रोसेसर उचलून सॉकेटच्या पिना बघा. पिन वाकली असेल तर वॉरंटी सहसा मिळत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक वेळी आधी प्लग काढा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झाली, तर दोष कशात होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पुढच्या गिऱ्हाईकाच्या वेळी तुम्ही परत तिथेच अडकाल.

आता धंद्याचं बोलू

मशीन बंद पडते ते एका दिवसाचं दुखणं. पण गावात नाव खराब झालं तर ते वर्षभर पुरतं. म्हणून चार सवयी लावा:

- ग्राहकाला बोलवायच्या आदल्या दिवशी मशीन चालू करून काही तास चालवून बघा. पहिलं बटण त्याच्यासमोर दाबू नका.
- पार्ट कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी खोक्यावरच एकदा चालू करून बघा.
- दुकानात खात्रीचा एक एसएमपीएस, एक रॅम आणि मल्टीमीटर कायम ठेवा. खर्च होईल, पण अकोल्याच्या चकरा वाचतील.
- प्रत्येक पार्टच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा. ग्राहकाने स्वतः ऑनलाइन मागवलेला पार्ट असेल तर "वॉरंटी ग्राहकाची, मजुरी आमची" असं बिलावर स्पष्ट लिहा.

आणि दादा समोर बसलेच असतील तर? "कंपनीचा माल खराब निघाला" असं तपासल्याशिवाय म्हणू नका. तासाभराने तुमचीच वायर सुटलेली निघाली तर तोंड कुठे लपवाल? सरळ सांगा: "दादा, जोडणीत काहीतरी राहिलंय. क्रमाने तपासतो, संध्याकाळपर्यंत नक्की सांगतो. तोवर फॉर्म भरायला माझी दुकानातली मशीन वापरा."

त्यांचं काम अडलं नाही हे ते लक्षात ठेवतील. पुढची ऑर्डर तिथूनच येते, मित्रांनो!