पुलांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत: ४९०वी स्क्वाड्रन

अमेरिकेची ४९०वी बॉम्बर स्क्वाड्रन १५ सप्टेंबर १९४२ रोजी कराचीजवळच्या मालीर छावणीत उभी राहिली. आज तिचे नाव ४९०वी मिसाइल स्क्वाड्रन आहे आणि ती मोंटाना राज्यात जमिनीखाली ठेवलेली अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे सांभाळते. अमेरिकी हवाई दलात अशी स्थित्यंतरे नवी नाहीत. विमाने मोडीत निघतात, माणसे बदलतात, मधली काही वर्षे तुकडी अस्तित्वातही नसते. पण तिचा क्रमांक आणि रणांगणावर मिळवलेले मान नव्या तुकडीच्या नावे चालू राहतात.

१९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत जपानने ब्रह्मदेश जवळजवळ पूर्ण जिंकला होता. चीनकडे जाणारा रस्ता बंद झाला आणि चीनला लागणारी रसद आसामातून हिमालयाच्या रांगा ओलांडून विमानाने न्यावी लागू लागली. अशा वेळी चार स्क्वाड्रनचा ३४१वा बॉम्बर ग्रुप भारतात उभा राहिला. त्यांतलीच ४९०वी ही एक. तिच्याकडे दोन इंजिनांची बी-२५ मिचेल विमाने होती. आताच्या झारखंडातले चाकुलिया, ढाक्याजवळचे कुर्मिटोला, आसामातले मोरान असे तिचे तळ बदलत गेले. १९४४ च्या आरंभी ग्रुप चीनमध्ये हलला. ४९०वी मात्र ब्रह्मदेशाच्या कामासाठी मागे राहिली.

हे काम मुख्यतः पुलांचे होते. रंगूनहून निघालेली मीटरगेज रेल्वे मंडालेमार्गे (टिळकांच्या कारावासामुळे मराठी वाचकांना हे नाव परके नाही) उत्तरेला म्यितकीनापर्यंत जात असे. जपानी सैन्याचा दारूगोळा आणि धान्य मोठ्या प्रमाणात याच मार्गाने पुढे सरकत होते. वाटेत नद्या-ओढे असंख्य. एक पूल पडला तरी गाड्या अडकत आणि माल उतरवून पलीकडे न्यावा लागे.

पण पूल पाडणे दिसते तितके सोपे नव्हते. मध्यम उंचीवरून पाहिले तर रेल्वेचा पूल म्हणजे एक बारीक रेघ. बॉम्ब बहुधा आजूबाजूला पाण्यात नाहीतर वाळूत पडत. अगदी खालून उडत जाऊन टाकावा, तर वेगळीच अडचण. इतक्या खालून टाकलेला बॉम्ब लगेच फुटला तर विमानच उडेल, म्हणून त्याला काही सेकंद उशिरा फुटणारा फ्यूज लावलेला असे. सपाट कोनात आदळलेला बॉम्ब तेवढ्या वेळात टप्पा खाऊन पुलाच्या पलीकडे निघून जाई आणि मग फुटे. १९४३ मध्ये नाना प्रयोग झाले, पण हाती फारसे काही लागले नाही.

उत्तर सापडले ते अपघाताने. १ जानेवारी १९४४ रोजी मेजर रॉबर्ट एर्डिन यांच्या नेतृत्वाखाली काही विमाने मू नदीवरच्या रेल्वेपुलावर चालून गेली. रुळांच्या रेषेत खालून उडत असताना एर्डिन यांना वाटेत एक झाड आडवे आले. ते चुकवण्यासाठी त्यांनी विमान झटकन वर खेचले आणि त्याच झोकात बॉम्ब सोडले. मागे वळून पाहतात तो पुलाचे दोन गाळे पाण्यात कलंडलेले! विमान क्षणभर वर जाऊन पुन्हा खाली झुकल्याने बॉम्ब अधिक तिरके पडले, टप्पा न खाता जागीच रुतले आणि ठरल्या वेळी तिथेच फुटले. नशिबाने घडलेली ही हालचाल वैमानिकांनी सरावाने पक्की केली: खालून यायचे, थोडे उसळायचे, उथळ सूर मारून बॉम्ब सोडायचे. तिला त्यांनी ‘ग्लिप बॉम्बिंग’ असे नाव दिले. या स्क्वाड्रनची खरी कमाई विमाने किंवा बॉम्ब यांत नव्हती. एका योगायोगाचे कारण शोधून त्याचे तंत्र बनवण्यात होती.

त्यानंतर पूल भराभर पडू लागले. वर्ष संपण्याआधी पाडलेल्या पुलांची संख्या शंभराच्या पुढे गेली आणि ‘बर्मा ब्रिज बस्टर्स’ हे नाव कायमचे चिकटले. १९४४ च्या वसंतात जपानी सैन्य इंफाळ-कोहिमापर्यंत धडकले, तेव्हा ब्रह्मदेशातल्या रेल्वेवरचे हे हल्ले चालूच होते. पूल मात्र एकदा पाडून भागत नसे. जपानी अभियंते लाकडी ओंडक्यांचे पर्यायी पूल चटकन उभारत आणि वैमानिकांना त्याच जागी पुन्हा जावे लागे. पुढे तळ ब्रह्मदेशातल्या वाराझुपला आणि १९४५ मध्ये चीनमध्ये हलला. युद्ध संपल्यावर त्याच वर्षाअखेर स्क्वाड्रन विसर्जित झाली.

१९६२ मध्ये ती मोंटानातल्या माल्मस्ट्रॉम तळावर ३४१व्या विंगमध्ये मिनिटमन क्षेपणास्त्रांसह पुन्हा कार्यरत झाली. आधीच्या अ‍ॅटलास क्षेपणास्त्रांत उडवण्यापूर्वी द्रवरूप इंधन भरावे लागे. मिनिटमनमध्ये घनरूप इंधन आधीच भरलेले असल्याने ते वर्षानुवर्षे सज्ज ठेवता येते आणि आदेश मिळाल्यावर काही मिनिटांत सुटू शकते. एका स्क्वाड्रनकडे अशा क्षेपणास्त्रांची ५० विवरे, दहा-दहाच्या पाच गटांत. प्रत्येक क्षेपणास्त्र शेतांमधल्या काँक्रीटच्या स्वतंत्र विवरात असते आणि प्रत्येक गटासाठी जमिनीखाली एक नियंत्रण कक्ष. तिथे दोन अधिकारी चोवीस तासांची पाळी करतात. प्रक्षेपणासाठी दोघांनी आपापल्या किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागतात आणि किल्ल्यांच्या जागा एकट्याचे हात पोहोचणार नाहीत इतक्या दूर असतात. शिवाय दुसऱ्या एखाद्या कक्षातूनही तसाच आदेश यावा लागतो. ४९०व्या स्क्वाड्रनची विवरे तळापासून बरीच दूर पसरलेली, त्यामुळे तिला ‘फारसायडर्स’ हे नवे टोपणनाव मिळाले.

या कामात पुलांसारखी मोजदाद नाही. काहीच घडले नाही तरच काम चोख झाले असे मानतात, आणि तरुण अधिकाऱ्यांना हे पेलणे सोपे नसते. २०१४ मध्ये माल्मस्ट्रॉममध्ये नियमित चाचणीची उत्तरे एकमेकांना पुरवल्याचे प्रकरण उघडकीला आले. नव्वदहून अधिक अधिकारी त्यात गोवले गेले आणि तळावरच्या नऊ वरिष्ठांना पदावरून हटवण्यात आले. चुकीला जागा न ठेवणारी कडक गुणपद्धती, बढतीची चिंता आणि कंटाळा अशी त्याची कारणे पुढे आली.

सध्या स्क्वाड्रनकडे मिनिटमन-३ आहेत. हा प्रकार १९७० मध्ये प्रथम तैनात झाला. माल्मस्ट्रॉममधल्या प्रत्येक क्षेपणास्त्रावर आता एकच अण्वस्त्र ठेवले जाते. त्यांच्या जागी सेंटिनेल ही नवी क्षेपणास्त्रे यायची आहेत. मात्र तो प्रकल्प लांबला आहे आणि २०२४ मध्ये त्याचा अंदाजित खर्च सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला. तोवर जुनीच यंत्रणा दुरुस्त करत चालवण्याचे काम ४९०व्या स्क्वाड्रनकडे आहे.