किमयागारांची मूस

'किमया' हा शब्द आपण जादू या अर्थी सहज वापरतो. तो मूळचा अरबी. इंग्रजीतील 'केमिस्ट्री'ही त्याच घराण्यातली. आपल्याकडे याच विद्येला रसशास्त्र म्हणत. रस म्हणजे पारा.

हलक्या धातूचे सोने करणे हा किमयागारांचा ध्यास. आपल्या विदर्भात ही कीर्ती नागार्जुनाची. रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडी आहे. सातव्या शतकातील चिनी प्रवासी युआन श्वांग यानेही नागार्जुनाने दगडांचे सोने केल्याची कथा लिहून ठेवली आहे. भट्टीत सोने कधीच झाले नाही. मग इतकी शतके फुंकलेला भाता वाया गेला काय? मला तसे वाटत नाही.

जस्ताचेच पाहा. खनिजातून ते सुटायला सुमारे हजार अंश उष्णता लागते आणि ते उकळते ९०७ अंशांवर! म्हणजे धातू हाती येण्याआधीच त्याची वाफ होते आणि हवा लागताच पांढरी भुकटी उरते. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात यासाठी 'वृंताकमूषा' सांगितली आहे. वृंताक म्हणजे चक्क वांगे! उदयपूरजवळ जावर येथे अशाच वांग्याच्या घाटाच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या लावत. देठासारख्या नळीतून वाफ खाली उतरे व थंड होऊन जस्त जमे. युरोपात ब्रिस्टलच्या चॅम्पियनला जस्ताचे पेटंट मिळाले ते १७३८ साली.

पण कृती गुप्त राखावी, योग्य शिष्यालाच सांगावी, असा दंडक होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून माझे मन येथे अडते. ग्रंथ संस्कृतात, भात्यापाशी घाम गाळणाऱ्याला तो कोण वाचून दाखवणार?

युरोपातले किमयागारही सांकेतिक भाषेतच लिहीत. रॉबर्ट बॉइल याने मात्र दुसऱ्याला करून पाहता येतील असे प्रयोग तपशिलाने छापले. (सोने होईल ही आशा त्यालाही होतीच!) पुढे लाव्हाझिएने तराजू हाती धरला. १७८९ साली त्याने ज्यांचे आणखी विघटन होत नाही अशा ३३ द्रव्यांची यादी दिली. तीत सोने वेगळे, पारा वेगळा. मूस, भट्टी, ऊर्ध्वपातन ही हत्यारे मात्र जुनीच राहिली.

जावरच्या कारागिरांची नावे कोठे सापडत नाहीत. त्यांच्या वापरून टाकलेल्या मुशी तेवढ्या तेथल्या जुन्या घरांच्या भिंतींत विटांसारख्या रचलेल्या आहेत.

— बी. ए. भाग २, मंगरूळपीर